मुलासाठी पॉटी निवडताना

आपल्या घरांमध्ये ‘पॉटी’ हा शब्द भांड्यासाठी वापरला जातो, त्याहून अधिक तो त्या भांड्यात जे पडायचे असते त्यासाठी वापरला जातो. या लेखापुरते पॉटी म्हणजे लहान मुलाला बसवण्याचे भांडे किंवा आसन असे धरू; उरलेल्या दोन गोष्टींना ‘शी’ आणि ‘शू’ हे जुने शब्द पुरेसे आहेत.

दुकानात पॉटी मिळू लागण्याच्या कितीतरी आधीपासून मराठी घरात एक पॉटी होतीच, ती म्हणजे आजीचे पाय. आजी जमिनीवर पाय पसरून बसे, दोन्ही पावलांमध्ये थोडी फट ठेवी, त्यांवर बाळाला बसवी आणि त्याचे काम होईपर्यंत तोंडाने ‘शू… शू’ असा आवाज करीत राही. त्या बैठकीचे गुण नीट पाहिले, तर पॉटी कशी असावी हे निम्मे कळते. ती जमिनीलगत असे, हलत नसे, बाळाच्या मांड्यांना आधार मिळे, गुडघे वर आलेले असत आणि पडण्याची भीती नसे. यांतला एकही गुण रंगाने, चित्रांनी किंवा गाण्याने येत नाही. मुलग्याच्या बाबतीत मात्र एका गोष्टीची भर पडते. त्याच्या शूची धार पुढे आणि वर जाते. आजीचे लुगडे भिजत असे ते त्यामुळेच. पॉटीच्या रचनेत या धारेची सोय असावी लागते.

खरेदीआधी मुलाकडे पाहावे

पॉटी कोणत्या महिन्यात आणावी याचे सर्वांना लागू पडेल असे उत्तर नाही. बहुतेक मुले दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान तयार होतात आणि मुलग्यांना थोडा अधिक वेळ लागतो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ मध्ये १,१७० मुलांच्या नोंदींवर आधारलेला निबंध प्रसिद्ध केला होता. त्यात दिवसाची सवय पूर्ण होण्याचे सरासरी वय साडेअठ्ठावीस महिने होते आणि मुलग्यांना मुलींपेक्षा सुमारे अडीच महिने जास्त लागले होते. त्यामुळे शेजारची त्याच वयाची मुलगी सांगून शू करते आणि आपला मुलगा खिडकीच्या पडद्यामागे उभा राहून चड्डीतच करतो, याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही.

‘आमची मुले वर्षाच्या आत कपडे ओले करायची थांबली होती’ हे घरातल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणेही खोटे नसते. फरक इतकाच की तिथे वेळ ओळखणारी आणि बाळाला उचलून नेणारी आजी होती. मुलाने स्वतः ओळखावे, सांगावे, चालत जावे, चड्डी खाली करावी आणि बसावे हे निराळे काम आहे, आणि पॉटी त्या कामासाठी आणायची असते. लंगोटाच्या काळात ओले झालेले बाळाला तत्काळ जाणवत असे, डायपर ती जाणीव पुसून टाकतो. म्हणून आजच्या मुलाला ‘ओले’ म्हणजे काय हे कळायलाच काही दिवस द्यावे लागतात.

मुलगा दोन तास कोरडा राहू लागला, स्वतः बसून उठू शकला, ‘चेंडू आण’ यासारखी साधी सूचना पाळू लागला आणि शी होताना कोपऱ्यात जाऊन बसणे किंवा चड्डीला हात लावणे अशा खुणा करू लागला, की पॉटी आणण्यास हरकत नाही. शी कडक होत असेल, ती करताना तो रडत असेल, तर आधी बद्धकोष्ठावर डॉक्टरांच्या सल्ल्याने उपाय करावा आणि मगच पॉटी बाहेर काढावी. एकदा का दुखणे आणि पॉटी यांची सांगड त्याच्या मनात बसली, की तो शी रोखून धरतो. रोखलेली शी अधिक कडक होते आणि अधिक दुखते, आणि हे चक्र तोडायला पुढे महिने लागतात. घर बदलणे, धाकट्या भावंडाचा जन्म, मोठे आजारपण या काळात नवी सवय लावायला घेऊ नये. शक्य असेल तर पावसाळाही टाळावा. दिवसातून आठ-दहा चड्ड्या ओल्या होणार आणि दोरीवरच्या वाळणार नाहीत, हे कारण घरगुती असले तरी खरे आहे. उन्हाळ्याची सुट्टी, सुती चड्ड्या आणि उघडी फरशी यांच्या जोरावर हे काम अधिक सुरळीत होते.

उंची: पाटाने मोजावी

निवडीत पहिला मान उंचीला द्यावा. बसल्यावर मुलाची दोन्ही पावले पूर्णपणे जमिनीला टेकली पाहिजेत आणि गुडघे कमरेच्या पातळीत किंवा किंचित वर आले पाहिजेत. गुदमार्गाच्या सुरुवातीला एका स्नायूचा वळसा असतो; एरवी तो मार्गाला वाक देऊन शी अडवून धरतो आणि उकिडवे बसल्यावर सैल पडून मार्ग सरळ करतो. पाय लोंबकळत असतील तर मुलाला जोर लावायला टेकू मिळत नाही, तोल सांभाळण्यात त्याचे अंग ताठ राहते आणि शी बाहेर येत नाही. पॉटीवर बसून काहीच न करणारा मुलगा उठून पाच मिनिटांनी चड्डीत करतो, तेव्हा हट्टाचा दोष त्याच्या माथी येतो. अनेकदा तो दोष उंचीचा असतो.

चुळबुळ करणाऱ्या दोन वर्षांच्या मुलाची टेपने मापे घेणे अवघड आहे. त्याऐवजी त्याला पाटावर बसवावे. एका पाटावर गुडघे छातीशी येतात. मग त्यावर दुसरा पाट किंवा जाड पुस्तके ठेवीत जावे आणि पावले सपाट टेकून मांड्या जमिनीला समांतर झाल्या की थांबून त्या चळतीची उंची मोजावी. पॉटीची बैठक तितकी किंवा तिच्याहून दोन-तीन सेंटिमीटर कमी असावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या मानकांनुसार दोन वर्षांच्या मुलग्याची मध्यम उंची सुमारे ८७ सेंटिमीटर आणि तीन वर्षांच्या मुलग्याची सुमारे ९६ सेंटिमीटर असते. दोन वर्षांच्या अशा मुलाची चळत वीस सेंटिमीटरच्या आसपास भरते. मूल लहानखुरे असेल तर बैठकही तितकीच खाली हवी. ‘वाढेल तेव्हा उपयोगी पडेल’ म्हणून कपडे एक माप मोठे घेण्याची आपली रीत इथे चालवू नये.

ऑनलाइन खरेदी करताना एक फसगत हमखास होते. वर्णनात दिलेली उंची पुष्कळदा पाठीच्या टेक्यासह असते, आणि आपल्याला हवी असते ती फक्त बैठकीची. ती स्वतंत्रपणे दिलेली नसेल, तर ग्राहकांनी टाकलेल्या छायाचित्रांत मूल बसलेले असल्यास त्याचे गुडघे पाहावेत. दुकानात जाणे शक्य असेल तर मुलाला सोबत न्यावे आणि कपड्यांसकट त्यावर बसवून पाहावे. त्यात संकोच वाटण्याजोगे काही नाही.

मुलग्याच्या पॉटीचा पुढचा भाग

मुलग्याने सुरुवातीला शूसुद्धा बसूनच करायला शिकावे. शी आणि शू एकाच वेळी होण्याची शक्यता असते आणि कोणते आधी येणार हे त्याला अजून कळत नसते, म्हणून दोन्हींसाठी एकच जागा आणि एकच पद्धत असणे त्याला सोपे जाते. उभे राहून शू करायला आधी शिकवले, तर काही मुलगे पुढे बसायलाच नकार देतात.

बसून शू करताना धार पॉटीच्या कडेवरून बाहेर जाऊ नये म्हणून पुढे उंचवटा असतो, आणि मुलग्यासाठी पॉटी घेताना सर्वाधिक वेळ या उंचवट्यावर घालवावा. तो दोन प्रकारचा मिळतो. एक बैठकीतूनच गोलाई घेत वर आलेला, भांड्याशी एकसंध. दुसरा वेगळा, खाचेत बसवून काढता येणारा. दुसऱ्या प्रकारचा उंचवटा बहुधा अधिक उंच असतो आणि त्यामुळे अधिक उपयोगी वाटतो, पण त्याची कड कडक आणि पातळ असते. मुलगा पॉटीवर घाईघाईने, अंदाजाने, कधी पाठमोरा तर कधी एका बाजूने येऊन बसतो, आणि त्या कडेवर त्याच्या शिश्नाला लागू शकते. एकदा लागले, की तो पॉटीकडे फिरकत नाही. म्हणून एकसंध, जाड, गोल कडेचा, मध्यम उंचीचा उंचवटा निवडावा. हाताच्या तळव्याने कड दाबून आणि नखाने तिचा सांधा चाचपून पाहिला तर हे तत्काळ कळते. वेगळा उंचवटा असलेली पॉटी आधीच घरात असेल तर तो काढून ठेवावा आणि थोडी शू बाहेर सांडणे पत्करावे.

कितीही चांगला उंचवटा असला तरी एक गोष्ट शिकवावीच लागते: बसल्यावर मांड्या किंचित फाकवून शूची जागा बोटाने खाली करायची आणि थोडे पुढे वाकायचे. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक मुलांना हे जमते. म्हणूनच बैठकीचे भोक वाटोळे नसावे. मागून पुढे लांबट असावे. लहान वाटोळ्या भोकावर मुलगा जरा मागे सरकून बसला की धार थेट पुढच्या प्लास्टिकवर पडते आणि तिथून फरशीवर येते. मुलींसाठी जी पॉटी उत्तम चालली तीच धाकट्या भावाला वापरताना घरभर शू का होते, याचे कारण बहुधा हे भोक असते.

मुलग्याच्या स्वच्छतेविषयी एक सूचना इथेच द्यायला हवी. या वयात शिश्नाच्या टोकावरची त्वचा मागे न जाणे स्वाभाविक आहे. धुताना ती ओढून मागे सारू नये. बाहेरून पाण्याने धुणे पुरते. शू करताना तो भाग फुग्यासारखा फुगत असेल, धार अगदी बारीक किंवा थेंबथेंब येत असेल, शू करताना तो कण्हत किंवा रडत असेल, तर पॉटी बदलून उपयोग नाही, डॉक्टरांना दाखवावे.

तळ, फरशी आणि पाणी

परदेशी लेखकांचे सल्ले वाचताना एक बाब ध्यानात ठेवावी लागते, की ते कागदाने पुसणाऱ्या घरांसाठी आणि कोरड्या न्हाणीघरांसाठी लिहिलेले असतात. आपल्याकडे शी धुवायची असते. त्यामुळे पॉटी दिवाणखान्यात, टीव्हीसमोर किंवा गालिच्यावर ठेवावी हा सल्ला आपल्या कामाचा नाही. शी झाल्यावर मुलाला तसेच उचलून मोरीपर्यंत न्यायचे आणि वाटेत थेंब सांडायचे, हा प्रकार दोन दिवसांत नकोसा होतो. पॉटीची जागा न्हाणीघराच्या दाराशी किंवा आत, पाण्याच्या उताराच्या बाहेरच्या कोरड्या कोपऱ्यात असावी. मुलाला रोज ती तिथेच दिसावी.

ओल्या फरशीवर पॉटी सरकू नये म्हणून तळाला रबराची कड किंवा रबराचे चार ठोकळे असावेत. हे ठोकळे नुसते चिकटवलेले असतील तर दर आठवड्याच्या धुण्यात सुटून येतात, खाचेत बसवलेले टिकतात. तळ बैठकीपेक्षा रुंद असावा. मुलगा शू करताना पुढे वाकतो आणि उठताना हाताने पॉटीची कड दाबतो, म्हणून दुकानात पॉटीची पुढची कड तळव्याने जोरात दाबून पाहावी; मागची बाजू उचलली गेली तर ती पॉटी घेऊ नये. तसेच वजनाची मर्यादा पाहावी. तीन वर्षांच्या मुलग्याचे मध्यम वजन सुमारे १४ किलो असते, त्यामुळे वीस किलो सहज पेलणारी पॉटी शेवटपर्यंत पुरते.

धुण्याची जागा पॉटीवर नसून मोरीत असावी, असे माझे मत आहे. पॉटीवर बसवूनच मगाने धुतले तर भांडे पाण्याने काठोकाठ भरते, उचलताना हिंदकळते, आणि ते पाणी कुठे सांडते हे सांगायला नको. मुलाने उठून, थोडे वाकून, मोरीत उभे राहावे किंवा उकिडवे बसावे आणि तिथे धुवावे. जेट वापरत असाल तर त्याचा जोर आधी आपल्या हातावर पाहावा. पहिल्याच दिवशी बसलेला गार, जोरदार फवारा पुढे पुष्कळ दिवस आठवणीत राहतो.

एकसंध की सुटे भांडे

पॉटी ढोबळमानाने दोन प्रकारची असते. एकसंध पॉटी म्हणजे एकाच साच्यातून काढलेले, पाठीला छोटा टेका असलेले भांडे. ती स्वस्त असते, तिच्यात सांधे नसतात आणि पूर्ण पॉटीच उचलून रिकामी करावी लागते. दुसऱ्या प्रकारात खुर्चीसारख्या सांगाड्यात सुटे भांडे बसवलेले असते आणि ते वरून किंवा मागून काढता येते. ही जरा महाग पडते, पण बसायला भक्कम असते आणि रिकामी करायला सोयीची. मात्र वरून निघणारे भांडेच घ्यावे. मागच्या खणातून ओढून काढायचे भांडे ओढताना अडते, आणि अडले की धक्का बसतो.

सुट्या भांड्याच्या पॉटीत एक चाचणी महत्त्वाची आहे. भांडे आणि सांगाडा यांच्या मधल्या फटीत बोट घालून पाहावे. बैठकीची आतली कड भांड्याच्या आत उतरलेली असेल तर शू भांड्यातच जाते. भांड्याची कड बैठकीच्या बाहेर किंवा बरोबरीने असेल तर मुलग्याची धार नेमकी त्या फटीत शिरते आणि सांगाड्याच्या पोकळीत साचते. घरात कुठून तरी वास येतो आहे पण कळत नाही, अशा तक्रारीमागे बहुधा ही पोकळी निघते.

साहित्य गुळगुळीत, जाड, एकरंगी प्लास्टिकचे असावे. पॉलिप्रॉपिलीन हे त्यासाठी चांगले, आणि त्याची खूण म्हणजे तळावरच्या त्रिकोणातला ५ हा आकडा. भांड्याची आतली बाजू पांढरी किंवा फिकट असली तर शूचा रंग आणि शीमधील रक्त किंवा चिकटपणा दिसतो, जो गडद निळ्या किंवा काळ्या भांड्यात दिसत नाही. गादीची बैठक मऊ वाटते म्हणून पुष्कळजण घेतात. तिच्या वरच्या आवरणाला सहा महिन्यांत चिरा पडतात आणि आतल्या स्पंजात शू मुरते. ती टाळावी. थोरल्या भावाची किंवा नातेवाइकांकडची जुनी पॉटी चिरा नसतील, कडा झिजून धारदार झाल्या नसतील आणि उंची जुळत असेल तर स्वच्छ धुऊन वापरण्यात काहीही गैर नाही.

रिकामी करताना शी संडासातच टाकावी. लहान मुलाची शी निरुपद्रवी असते, हा समज चुकीचा आहे. जुलाबाचे जंतू तिच्यातूनही पसरतात, म्हणून ती कचऱ्यात, गटारात किंवा अंगणात टाकू नये आणि भांडे हात धुण्याच्या बेसिनमध्ये विसळू नये. रोज साबणाच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवणे पुरेसे असते. जंतुनाशक म्हणून ब्लीच वापरायचे असेल तर आधी शू पाण्याने पूर्ण काढून टाकावी, कारण शूमधील घटक आणि क्लोरीन यांच्या संयोगाने घशाला झोंबणारा वायू तयार होतो. संडास धुण्याचे ॲसिड आणि ब्लीच तर कधीही एकत्र करू नयेत. प्रत्येक वेळी मुलाचे आणि आपले हात साबणाने धुवावेत. हे काम घरकामाला येणाऱ्या बाईंच्या वाट्याला जाणार नाही आणि केवळ आईच्याही वाट्याला राहणार नाही, हे पॉटी घरात येण्याआधीच ठरवलेले बरे. वडील जी पॉटी रोज रिकामी करणार आहेत ती निवडताना तेही बारकाईने पाहतात, असा अनुभव आहे.

गाणी, चाके आणि इतर आकर्षणे

मोटारीच्या, बदकाच्या, घोड्याच्या आकाराच्या पॉट्या मुलाला ओढून आणतात हे खरे, पण ती ओढ खेळण्याची असते. चाके असलेली पॉटी मुलगा घरभर ढकलतो, त्यात गाड्या भरून ठेवतो, आणि ज्या क्षणी ती हवी असते त्या क्षणी ती गॅलरीत सापडते. चाके असतील तर घेऊच नये. धरायला पुढे मूठ असेल तर मात्र ती उपयोगी पडते, कारण जोर लावताना मुलाला काहीतरी घट्ट पकडावेसे वाटते.

गाणे वाजवणाऱ्या पॉटीत भांड्याच्या तळाशी धातूची दोन टोके असतात. शू पडली की त्यांच्यातून वीज वाहते आणि गाणे सुरू होते. हुशार मुलाला दोन दिवसांत कळते की मगभर पाण्यानेही गाणे वाजते. खरा आक्षेप मात्र बॅटरीला आहे. अशा पॉटीत चपटी बटणासारखी बॅटरी असेल आणि तिचे झाकण स्क्रूने बंद होत नसेल, तर ती पॉटी घरात आणू नये. गिळलेली बटण-बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी जखम करू शकते, आणि असा संशय आला तरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे लागते.

आवडीची बाजू सांभाळायचीच असेल तर दोन चांगल्या पॉट्या आपण आधी निवडून ठेवाव्यात आणि त्यांतला रंग मुलाला निवडू द्यावा.

कमोडवरची सीट आणि शिडी

ज्या घरात जागाच नाही, तिथे कमोडवर बसणारी छोटी सीट घेण्याचा मोह होतो. रिकामे करणे नाही, वास नाही, आणि पुढे कमोडची वेगळी सवय लावायला नको; हे तिचे फायदे खरे आहेत. पण कमोडची कड जमिनीपासून साधारण ४० सेंटिमीटर उंच असते, म्हणजे दोन वर्षांच्या मुलाच्या बैठकीच्या दुप्पट. पावले हवेत राहतात, खाली मोठे पाण्याचे विवर दिसते, आणि फ्लशचा आवाज येतो. यासाठी शिडी जोडलेली सीट मिळते, परंतु तिच्या वरच्या पायरीवर पावले सपाट टेकतात का, हे पाहूनच ती घ्यावी. अनेक शिड्या चढण्यापुरत्या असतात, पाय टेकवण्यासाठी नसतात. ओल्या फरशीवर शिडीचे पाय पसरतात, म्हणून रबराच्या टोप्या हव्यातच. कमोडची कड गोल आहे, लांबट आहे की चौकोनी, हेही आधी पाहावे, कारण चौकोनी कडेवर बहुतेक सीट डगमगतात. माझ्या मते तीन वर्षांच्या आत जमिनीवरची पॉटीच बरी. सीट त्यानंतरची पायरी.

चाळीत किंवा गावाकडच्या घरात संडास घरापासून दूर असतो, तिथे पॉटी ही चैन नसून गरज असते. रात्री किंवा पावसात मुलाला तिकडे नेणे शक्य नसते. अशा घरासाठी घट्ट झाकणाचे सुटे भांडे असलेली पॉटी घ्यावी, म्हणजे ती संडासापर्यंत झाकून नेता येते.

प्रवासासाठी घडीची पॉटी मिळते; तिच्यात पिशवी लावतात. पाय उघडल्यावर खटका बसून पक्के होतात का आणि मुलाच्या वजनाने ते आत मिटत नाहीत ना, एवढे पाहिले की पुरे. पाळणाघरात मूल दिवसाचे सहा-आठ तास असेल, तर घरची पॉटी घेण्याआधी तिथली पाहावी आणि शक्य तर तशीच घ्यावी.

पॉटीनंतर

तीन-साडेतीन वर्षांच्या सुमारास, बसून शू करणे पक्के झाल्यावर, मुलगा वडिलांचे किंवा भावाचे पाहून उभे राहू पाहतो. पुष्कळ घरांत तो तोपर्यंत मोरीत उभे राहून शू करू लागलेला असतोच. त्याला हरकत नाही, मात्र आंघोळीची मोरी आणि शूची जागा एकच असेल तर नंतर पाणी टाकायला त्यालाच शिकवावे. बेडकाच्या आकाराचे भिंतीला चिकटवायचे मुतारीचे भांडे या टप्प्यावर उपयोगी पडते, त्याआधी नाही. ते घेताना शोषून धरणारे रबर आपल्या टाइल्सवर टिकते का हे पाण्याने भरून पाहावे, आणि त्याची खालची कड मुलाच्या शूच्या जागेपेक्षा थोडी खाली येईल अशा उंचीवर लावावे.

कमोडपाशी उभे राहायचे तर पायाखाली न घसरणारे स्टूल लागते. त्याच वेळी कमोडची वर केलेली सीट आपोआप खाली पडते का, हे तपासावे. ती पडून शिश्न चिमटले जाण्याच्या इजा याच वयाच्या मुलग्यांना होतात, म्हणून हळू मिटणारी सीट बसवावी किंवा सीट हाताने धरून ठेवायला शिकवावे. चड्डीच्या बाबतीतही हीच काळजी हवी: या काळात चेन असलेल्या पँट नकोत, इलॅस्टिकच्या हव्यात.

शाळेत बहुधा भारतीय पद्धतीचा संडास असतो, आणि केवळ पॉटीवर किंवा कमोडवर बसलेला मुलगा तिथे गोंधळतो. नर्सरीत घालण्यापूर्वी शाळेचा संडास एकदा पाहून यावा. घरी पॉटीची बैठक खाली असेल तर उकिडवे बसण्याचा सराव मुलाला आधीच झालेला असतो. उरते ते पाय ठेवण्याच्या पट्ट्यांमधील अंतर, जे मोठ्यांच्या मापाचे असते. सुरुवातीला त्याच्या समोर बसून त्याचे दोन्ही हात धरावेत, आणि तिथे न घाबरता बसणे जमेपर्यंत पॉटी घरातून हलवू नये. रात्री अंथरूण ओले होणे याच्याशी जोडू नये. पाच वर्षांपर्यंत ते सर्वसाधारण मानले जाते, आणि दिवसाची सवय पक्की झाल्यावरही रात्रीसाठी पलंगाशेजारी दिव्याच्या मंद उजेडात तीच पॉटी आणखी काही महिने ठेवता येते.